६४० रुपयांसाठी अख्खं अकाउंट बंद? छोट्या ऑनलाइन धंद्याची खरी डोकेदुखी समजून घेऊ

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, सकाळी सव्वानऊला वहिनीचा फोन आला. "भाऊजी, कुरिअरवाल्याला पैसे जाऊन नाही राहिले. सारखं फेल दाखवते." मी मिहानला ऑफिससाठी निघालो होतो. म्हटलं, बँकेचा सर्व्हर डाऊन असेल, दुपारी होईल चालू.

दुपारी काही झालं नाही. संध्याकाळी ती बँकेत जाऊन आली तेव्हा कळलं की अकाउंटवर 'डेबिट फ्रीज' लागलाय. म्हणजे पैसे आत येतील, पण बाहेर एक रुपया जाणार नाही. कारण काय? तर दुसऱ्या एका राज्यातल्या सायबर पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार झालीये आणि त्या तक्रारीतले पैसे फिरत फिरत वहिनीच्या अकाउंटला आलेत. किती पैसे? ६४० रुपये.

वहिनी नंदनवनमधल्या घरून सावजी मसाला आणि लसणाची चटणी विकते. ऑर्डर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, पेमेंट यूपीआयवर. शनिवार-रविवार बसून मी तिला एक साधी वेबसाइट करून दिलीये. त्या दिवशी अकाउंटमध्ये ३८ हजारांच्या आसपास रक्कम होती. त्यात दिवाळीच्या ऑर्डरचे ॲडव्हान्स होते, इतवारीतल्या मिरचीवाल्याचे द्यायचे पैसे होते, आणि पुतण्याच्या शाळेची फीसुद्धा होती. अडचण ६४० ची, अडकले ३८ हजार.

रात्री तिने मला विचारलं, "माझंच काही चुकलं का?" तिच्या फोनवर दिवसभर 'बिझनेस माइंडसेट'चे रील येतात. पहाटे ५ ला उठा, कारणं देऊ नका, अपयशाची जबाबदारी स्वतः घ्या. त्यामुळे काहीही बिघडलं की पहिला संशय स्वतःवर. तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जे वाचलं, बघितलं, ते आज तुमच्यासमोर मांडतोय. कारण आपल्यापैकी खूप जण आता काही ना काही ऑनलाइन विकतात. कोणी थ्रिफ्टचे कपडे, कोणी केक, कोणी नोट्स, कोणी फ्रीलान्स डिझाइन. आणि सगळ्यांचा धंदा एका क्यूआर कोडवर उभा आहे.

हे एकट्या वहिनीचं दुखणं नाही

मे २०२५ मधली बातमी आठवते का? विदर्भातल्या पेट्रोल पंप चालकांनी इशारा दिला होता की १० मेपासून यूपीआय आणि कार्डने पेमेंट घेणार नाही, फक्त कॅश. नागपुरात तेव्हा चांगलीच चर्चा झाली होती. अनेकांना वाटलं, हे टॅक्स वाचवायचं नाटक. पण त्यांची तक्रार हीच होती. कोणीतरी फसवणुकीच्या पैशातून दोन-चारशेचं पेट्रोल भरतो, गाडी घेऊन निघून जातो. नंतर तक्रार होते आणि पंपाचं अकाउंट फ्रीज होतं. पुढे पंपांवरचे क्यूआर कोड काही निघाले नाहीत, पण मूळ प्रश्न सगळ्यांसमोर आला.

दिल्लीत तर याहून छोट्या रकमेवरून प्रकरण हायकोर्टात गेलं. छोले-भटुरे विकणाऱ्या एका माणसाचं अकाउंट गोठवलं गेलं होतं. त्याच्याकडे आलेली वादग्रस्त रक्कम होती १०५ रुपये. एक प्लेट छोले-भटुरे! २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने अकाउंट मोकळं करायला सांगितलं आणि फक्त त्या १०५ रुपयांपुरती रोख ठेवायला सांगितली. अख्खं अकाउंट गोठवणं म्हणजे माणसाच्या पोटावर पाय देणं, असा या निकालाचा अर्थ आहे.

आता विचार करा. पंपवाल्यांची संघटना आहे. ते पत्रकार परिषद घेऊ शकतात, कॅशवर जाऊ शकतात. हातगाडीवालाही गरज पडली तर कॅशवर चालवेल. पण ज्याचा ग्राहक पुण्यात, इंदूरमध्ये किंवा बंगळुरूत आहे, त्याने काय करायचं? ऑनलाइन विकणाऱ्याला परत कॅशवर जायचा रस्ताच नाही.

अकाउंट फ्रीज होतं तरी कसं?

समजा, एखाद्या आजोबांना 'डिजिटल अरेस्ट'ची भीती दाखवून २ लाख रुपये लुटले. त्यांनी १९३० या हेल्पलाइनवर फोन केला किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली. तक्रारीला एक नंबर मिळतो. २०२१ पासून या हेल्पलाइनच्या मागे एक सिस्टिम काम करते, जिच्यात पोलिस, बँका आणि वॉलेट कंपन्या एकमेकांशी जोडलेल्या आहेत. तक्रार आली की आजोबांचे पैसे ज्या अकाउंटला गेले त्या बँकेला निरोप जातो. पैसे तिथेच असतील तर अडवायचे. पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला निरोप.

यालाच 'लेअर' म्हणतात. आजोबांकडून पैसे आले ते अकाउंट पहिला लेअर. हे बहुतेक वेळा भाड्याने घेतलेलं 'म्यूल' अकाउंट असतं. तिथून पैसे दहा ठिकाणी गेले, तो दुसरा लेअर. आता त्या दहातल्या एकाने ओएलएक्सवर आपला जुना फोन विकला असेल आणि म्यूलवाल्याने तो घेतला असेल, तर त्या बिचाऱ्याला काय माहीत पैसे कुठले? त्याने त्याच पैशातून वहिनीकडून ६४० रुपयांचा मसाला मागवला. वहिनी झाली तिसरा लेअर. आमच्या बाबतीत असंच घडलं का, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. पण साखळी अशीच चालते.

हे सगळं घाईघाईने का करतात? कारण फसवणुकीचे पैसे काही मिनिटांत गायब होतात. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये देशात सायबर फसवणुकीत सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये हाच आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिप्पट. म्हणून यंत्रणेवर दबाव आहे, आणि तो खरा आहे. उद्या तुमच्या आईचे पैसे गेले तर तुम्हालाही वाटेल की समोरचं अकाउंट सेकंदात बंद व्हावं.

बंद करायला एक क्लिक, चालू करायला महिने

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे कुठलाही बदल लाइव्ह करायच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो: चूक झाली तर मागे कसं यायचं? मागे यायचा रस्ता नसेल तर तो बदल लाइव्ह जात नाही. आणि पकडणारी कुठलीही सिस्टिम बनवली की ती दोन प्रकारे चुकते. एक, चोर सुटतो. दोन, साव अडकतो. पहिली चूक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. स्पॅम फिल्टर कडक केला की ऑफर लेटरही स्पॅममध्ये जातं, तसंच.

फ्रीजची सिस्टिम पहिली चूक टाळण्यासाठी बनली आहे. ती वेगवान आहे, देशभर जोडलेली आहे आणि अकाउंट बंद करणं तिच्यासाठी जवळपास फुकट आहे. पण साव अडकला तर त्याला बाहेर काढणारा रस्ता तितका वेगवान नाही. अडवायचा निरोप सिस्टिममधून जातो. सोडवायचा निरोप मात्र तुम्ही स्वतः ईमेल करून, फोन करून, कधी दुसऱ्या राज्यात जाऊन आणायचा. बँक म्हणते पोलिसांना विचारा, पोलिस म्हणतात बँकेला विचारा. वहिनीच्या केसमध्ये तपास अधिकाऱ्याचा नंबर मिळायलाच १२ दिवस गेले.

आणि या चुकीचा खर्च कोण भरतो? बँक नाही, पोलिस नाही, ॲपही नाही. ज्याच्याकडे एकच अकाउंट आहे तो भरतो. मोठ्या कंपनीकडे दहा अकाउंट आणि वकील असतात. छोट्या माणसाकडे तेच एक अकाउंट, त्याच्यातच धंदा आणि त्याच्यातच घर. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. एवढ्या व्यवहारांत चुकून अडकणाऱ्यांचं प्रमाण अगदी नगण्य धरलं, तरी माणसं बरीच होतात.

कायदा काय म्हणतो?

पोलिस साधारणपणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली अकाउंट गोठवायला सांगतात. जुलै २०२४ च्या आधी हेच क्रिमिनल प्रोसिजर कोडचं कलम १०२ होतं. या कलमात जप्तीची माहिती मॅजिस्ट्रेटला ताबडतोब द्यायची असंही लिहिलंय. शेजारीच कलम १०७ आहे. ते गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेच्या जप्तीबद्दल आहे आणि त्यात कोर्टाची परवानगी लागते. बँक अकाउंटला नेमकं कुठलं कलम लावायचं, यावर हायकोर्टांमध्ये वाद झाले आहेत.

आपल्या कामाचा मुद्दा दुसरा आहे. २०२३ मध्ये केरळ हायकोर्टाने अशा अनेक याचिका एकत्र ऐकल्या आणि बँकांना सांगितलं की पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतीच रोख ठेवा, अख्खं अकाउंट नको. वरचं छोले-भटुऱ्याचं प्रकरणही त्याच दिशेने जातं. तेवढीच रक्कम अडवण्याला बँकेच्या भाषेत 'लीन' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पत्रात हाच वापरायचा आहे.

जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने यासाठी नवी कार्यपद्धती मंजूर केली. त्यात ५० हजारांपेक्षा कमी रकमेच्या केसमध्ये फसलेल्या माणसाला कोर्टाच्या आदेशाशिवाय पैसे परत देण्याची सोय आहे. आणि कोर्टाचा किंवा पैसे परत देण्याचा आदेश आला नाही, तर बँकेने ९० दिवसांत रोख काढायची आहे. ही चांगली सुरुवात आहे, कारण पहिल्यांदाच 'मागे यायच्या रस्त्याला' तारीख लागली. पण ९० दिवस म्हणजे तीन महिने. महिन्याच्या महिन्याला माल आणून विकणाऱ्याचा धंदा तीन महिने थांबला तर तो परत उभा राहील का, याचं उत्तर त्यात नाही. माझ्या मते छोट्या रकमेसाठी पहिल्याच दिवशी फक्त लीन लागावा, पूर्ण फ्रीज लागूच नये, आणि तपास अधिकाऱ्याचा संपर्क एसएमएसमध्येच यावा. यासाठी कुठलंही भारी एआय लागत नाही. रक्कम आणि तक्रार नंबर सिस्टिममध्ये आधीपासून असतात.

तुमचं अकाउंट फ्रीज झालं तर काय कराल?

१. घाबरून भांडायला जाऊ नका. आपल्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पाच गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा नंबर, वादग्रस्त रक्कम, व्यवहाराची तारीख आणि यूटीआर नंबर, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलिस ठाणे, आणि फ्रीज कोणत्या प्रकारचा. अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्यायला विसरू नका.

२. त्या पेमेंटचा पुरावा एकत्र करा. बिल, ऑर्डरचं चॅट, कुरिअरची पावती, ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट, उद्यम नोंदणी, तुमचं ओळखपत्र. एकच पीडीएफ करा, तारखेनुसार.

३. हे पीडीएफ तपास अधिकारी आणि बँक, दोघांनाही एकाच ईमेलवर पाठवा. विनंती स्पष्ट लिहा: "वादग्रस्त रकमेवर लीन ठेवून उरलेलं अकाउंट मोकळं करावं." लांबलचक कहाणी नको.

४. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही. लोकपाल पोलिसांचा आदेश रद्द करणार नाही, पण बँकेने माहितीच दिली नाही, टाळाटाळ केली, तर तो बँकेचा दोष आहे.

५. रक्कम मोठी असेल किंवा काहीच हलत नसेल तर वकिलाशी बोला. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, आणि शेवटी हायकोर्ट आहे. आपल्या नागपुरात तर खंडपीठच आहे.

६. "पैसे द्या, दोन दिवसांत अनफ्रीज करून देतो" असं टेलिग्रामवर सांगणाऱ्यांपासून लांब राहा. ही दुसरी फसवणूक आहे.

वहिनीचं अकाउंट ४७ दिवसांनी मोकळं झालं. ६४० रुपयांवर लीन राहिला. दिवाळीचा सीझन गेला. सात ग्राहकांचे ॲडव्हान्स दादाच्या पगारातून परत केले.

आधीपासून काय काळजी घ्यायची?

शंभर टक्के बचाव नाही, हे आधीच सांगतो. पण नुकसान कमी करता येतं.

धंद्याचं अकाउंट वेगळं ठेवा आणि घराचं वेगळं. निदान शाळेची फी तरी अडकणार नाही. धंद्यातून घरच्या अकाउंटला रोज पैसे ढकलू नका, कारण पैशाचा माग तिकडेही जाऊ शकतो. महिनाभराचा घरखर्च अशा अकाउंटमध्ये ठेवा ज्याचा क्यूआर कोणाकडेच नाही.

प्रत्येक ऑर्डरला नंबर द्या आणि ग्राहकाला तो पेमेंटच्या नोटमध्ये टाकायला सांगा. बिल छोटं असलं तरी बनवा. वहिनीकडे त्या ६४० चं बिल नव्हतं. चॅट होतं म्हणून वाचलो.

"चुकून जास्त पैसे आले, या दुसऱ्या नंबरवर परत पाठवा" असं कोणी म्हटलं तर पाठवू नका. ज्या अकाउंटमधून पैसे आले तिथेच परत जातील, आणि तेही बँकेला विचारून.

आणि कॉलेजमधल्या वाचकांसाठी खास: कोणी "तुझं अकाउंट महिनाभर दे, ५ हजार देतो" म्हटलं तर सरळ नाही म्हणा. वर सांगितलेल्या साखळीतलं पहिलं अकाउंट हेच असतं. तिथे 'मला माहीत नव्हतं' फारसं चालत नाही.

ऑर्डर वाढल्या असतील तर पेमेंट गेटवेचा विचार करा. फी जाते, पण पैसे तुमच्याकडे गेटवेकडून एकत्र येतात आणि वादग्रस्त पेमेंटची चौकशी बहुतेक वेळा आधी त्यांच्याकडे होते. तेही कधी कधी पैसे अडवतात, पण निदान बिल मागतात, बिल दिलं की बोलणं पुढे सरकतं.

आणि त्या रीलचं काय?

पर्सनल डेव्हलपमेंट वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी पण त्यातली दोन-चार पुस्तकं वाचलीत. पण छोटा धंदा बंद पडतो तेव्हा दर वेळी माणूस आळशी असतो असं नाही. वहिनी तशीही पहाटे ५ ला उठते, मिरच्या निवडते. तिच्यात कमी होती ती यूटीआर नंबर म्हणजे काय, लीन कशाला म्हणतात, अर्जावर शिक्का का घ्यायचा, या माहितीची. ती तिला कुठल्या रीलमध्ये मिळाली नाही, कारण त्यावर व्ह्यूज येत नाहीत.

या ४७ दिवसांत तिने जे शिकलं ते मात्र खरंच तिच्या कामाचं आहे. पहिला ईमेल मी लिहून दिला होता. चौथा तिने स्वतः लिहिला, मराठीत आणि हिंदीत, आणि तपास अधिकाऱ्याचं उत्तर त्यालाच आलं. आता तिच्याकडे ऑर्डरची वही आहे, बिलबुक आहे आणि दोन अकाउंट आहेत. शेजारच्या दोन बायकांना तिने त्यांची अकाउंट वेगळी करायला लावली.

तिच्या त्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. नाही वहिनी, तुझं चुकलं नव्हतं. बिल ठेवायला हवं होतं, एवढंच. बाकीची चूक सिस्टिमची होती, आणि ती कोणाची हे माहीत असलं की निदान रात्री झोप लागते.

तुमच्या ओळखीत कोणी ऑनलाइन काही विकत असेल तर वरचे सहा मुद्दे त्यांना पाठवून ठेवा. आणि आज रात्री एक काम करा: तुमच्या धंद्याचे आणि घराचे पैसे एकाच अकाउंटमध्ये आहेत का, तेवढं बघा.